चाटी गल्लीतल्या दुकानात घेतलेलं फायबर वायफाय: आठ महिन्यांनंतर

आमचं टॉवेल-चादरींचं दुकान सोलापूरच्या चाटी गल्लीत, जुन्या घराच्या तळमजल्यावर. भिंती दीड हात जाड, त्यामुळं आत मोबाइलला कशाबशा दोन दांड्या रेंज. म्हणून भागातल्या केबलवाल्याकडून फायबर घेतलं. महिना ५९० रुपये, जीएसटी धरून. वेगाबद्दल तक्रार नाही. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीतसुद्धा बिलिंग आणि कॅमेरे अडकले नाहीत. एकदा वायर तुटली, ती संध्याकाळपर्यंत जोडून दिली. इथपर्यंत पाचपैकी पाच.

आता दुसरी बाजू. जोडणीला आलेल्या पोरानं पासवर्ड ठेवला दुकानाचं नाव आणि पुढं १२३. वर तो मार्करनं राउटरवरच लिहिला. "मालक, विसरायचं कामच नाही!" राउटर काउंटरच्या मागं, डोक्याच्या उंचीवर. गिऱ्हाईक टॉवेल बघतंय आणि पासवर्ड वाचतंय.

दिवाळीला पुतणी आली, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. त्याचं युजरनेम ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन! जोडलेली यंत्रं ११. आमची मोजली तर सहा: दोन फोन, कॉम्प्युटर, प्रिंटर, दोन कॅमेरे. उरलेली पाच कुणाची? एक शेजारच्या चहावाल्याच्या पोराचं निघालं. "लिवलंय की वर," म्हणाला. त्याचं काय चुकलं?

तिला म्हटलं, मग मोबाइल डेटा बरा का? ती म्हणाली, "काका, कुलूप दोन्हीकडं आहे. किल्ली कुणाकडं आहे ते बघा." सिममधली गुप्त किल्ली फक्त सिममध्ये आणि कंपनीकडं असते. मला ती चहावाल्याला द्यायची म्हटलं तरी देता येणार नाही. शिवाय फोरजीत नेटवर्क फोनला ओळखतं, तसा फोनही नेटवर्कला ओळखून घेतो. आमच्या वायफायला सगळ्यांना एकच पासवर्ड. तो ज्याला ठाऊक आहे, त्यानं आमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण पकडली, तर डब्ल्यूपीए-टू हे वायफायचं कुलूप असूनही पुढचं हवेतलं बोलणं उलगडता येतं. बँकेच्या ॲपचं आतलं कुलूप वेगळं असतं, त्यामुळं यूपीआयचा पिन काही दिसत नाही. पण राउटरच्या पानात शिरलेला माणूस आपल्याला बँकेच्या खोट्या पानावर नेऊ शकतो. ब्राउझर इशारा देतो खरा, पण गिऱ्हाईक उभं असताना तो इशारा आपण वाचतो होय?

स्टेशनवर सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट बघताना मी फुकटचं वायफाय बिनधास्त वापरायचो. ओटीपी मागतात म्हणजे सुरक्षित, असा माझा समज. तो ओटीपी आपण कोण हे कळायला. बिनपासवर्डाच्या वायफायचं हवेतलं बोलणं त्यानं कुलूपबंद होत नाही.

मात्र मोबाइल डेटाचंही सगळं गोड नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे माग आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं फोनवर कधी कधी 'ई' येतं, म्हणजे टूजी. त्यात टॉवर फोनला तपासतो, फोन टॉवरला तपासत नाही. खोट्या टॉवरला मग रान मोकळं. त्यापेक्षा नीट पासवर्डाचं वायफाय बरं, असं पुतणीचं मत. माझ्या फोनमध्ये टूजी बंद करायचं बटण सापडलं, बायकोच्या फोनमध्ये नाही.

मग तासभर बसून दोन्ही पासवर्ड बदलले, बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद केली, गिऱ्हाइकांना वेगळं गेस्ट वायफाय दिलं. डब्ल्यूपीए-थ्री हे नवं कुलूप लावून बघितलं तर जुना प्रिंटर रुसला, म्हणून परत टूवर आलो. सुतवाल्याला पैसे पाठवायचे असले की मी अजूनही वायफाय बंद करून पायरीवर जाऊन उभा राहतो. आता गरज नाही म्हणते पुतणी, पण हात धजत नाही.

वेगाला पाच, जोडणीच्या पद्धतीला एक. मिळून तीन देतो. केबलवाल्याला फोन करून हे सगळं सांगितलं, तर तो म्हणतो, "मालक, अख्ख्या गल्लीला तसाच दिलाय, कुणाची तक्रार नाही." शेजाऱ्यांनो, आपल्या दुकानाच्या नावापुढं १२३ टाकून बघा एकदा.