मिश्ने तोरा की आर्बा तुरीम?

ताल्मूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात वाद भरपूर, पण नेमका नियम शोधायचा तर आयुष्य पुरत नाही. मध्ययुगात या अडचणीवर दोन अगदी वेगळी उत्तरं निघाली, दोन नियमसंग्रह.

इजिप्तमध्ये राहणाऱ्या ज्यू पंडित मायमोनिडीसने 1180च्या सुमारास ‘मिश्ने तोरा’ पुरा केला. 14 भाग, स्वच्छ हिब्रू, थेट निर्णय. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त होऊन हजारावर वर्षं लोटली होती, तरी बलिविधींचे नियमही त्यात आहेत. मात्र कोणता नियम कुठून घेतला, याचे आधार दिलेले नाहीत. प्रोव्हान्सच्या (दक्षिण फ्रान्स) पंडित अब्राहम बेन डेव्हिडने यावरच कडाडून टीका केली. पुढे एका न्यायाधीशाने एका नियमाचा आधार विचारला, तेव्हा खुद्द मायमोनिडीसलाही तो आठवेना. तो न्यायाधीश निघून गेल्यावर आधार सापडला. हे त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. एवढा प्रांजळ विद्वान विरळाच.

14व्या शतकात याकोब बेन आशेरने स्पेनमध्ये ‘आर्बा तुरीम’ रचला. फक्त चार भाग, आणि मंदिराचे नियम वगळलेले. जे आज पाळायचं तेवढंच. वेगवेगळ्या पंडितांची मतं मात्र नावानिशी दिलेली, बहुधा शेवटी वडिलांचं, आशेर बेन येहिएलचं मत.

सौंदर्य पहिल्यात जास्त आहे, यात मला शंका नाही. पण न्याय देणाऱ्याच्या हाती मी दुसराच देईन, कारण मतभेद समोर असले की निर्णय तपासता येतो. 16व्या शतकात योसेफ कारोने ‘शुल्हान आरुख’ या आपल्या नियमसंग्रहासाठी चौकट घेतली तीही तुरीमचीच.