चिखल्यांवरचं चिनी टिंक्चर : पावसाळाभर वापरून झाल्यावर

शेवटी सांडलंच. कपाटातले पांढरे मोजे तपकिरी झाले, धुऊनही डाग जात नाहीत. झाकणावर चार पैसे जास्त खर्च केले असते तर कंपनीचं काय बिघडलं असतं? आटे धड बसत नाहीत, आत ब्रश नाही. बाटलीचं तोंड इतकं अरुंद, की कापसाचा बोळाही आत जात नाही. ओतावं तर ओघळ थेट घोट्यापर्यंत.

औषध म्हणजे थूचिनफीचं, पूर्व चीनमधल्या एका सूचिपर्णी झाडाच्या सालीचं अल्कोहोलमधलं टिंक्चर. चीनमधल्या सुझोउ शहरात जून-जुलैत पाऊस हटत नाही, त्यात कारखान्यात दिवसभर सेफ्टी शूज. चिखल्या व्हायच्याच. औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, इथे हेच लावतात. स्वस्त होतं, घेतलं.

लावल्या लावल्या ब्रह्मांड आठवतं. चिरलेल्या कातडीवर तर अजिबात नको. पण खाज लवकर थांबली, बोटांमधली पांढरी कातडी सोलून खालची गुलाबी दिसायला लागली. मी फोनवर घरच्यांपुढे चिनी वैद्यकाचे गोडवे गायले.

मग एकदा लेबलचा फोटो काढून अ‍ॅपवर वाचला. साल आहेच, पण सोबत बेंझोइक आणि सॅलिसिलिक आम्लही. अरे, हे तर बुरशीवरचं जुनं व्हिटफील्डचं मलम! ६ टक्के बेंझोइक, ३ टक्के सॅलिसिलिक, शंभरेक वर्षांपूर्वीचा इंग्रज डॉक्टरचा नुस्खा. कातडी सोलली ती सॅलिसिलिकने, मग सालीला श्रेय किती द्यायचं? साल अगदीच फुसकी नाही. तिच्यातलं स्यूडोलॅरिक आम्ल बी १९९५च्या एका अभ्यासात कँडिडा नावाच्या बुरशीवर अ‍ॅम्फोटेरिसिन बी या बुरशीनाशक औषधाच्या तोडीचं ठरलं होतं. पण ते प्रयोगशाळेत आणि उंदरांत. एका पायाला साल घातलेलं आणि दुसऱ्याला नुसती आम्लं असलेलं टिंक्चर लावून तपासलं, तर मी मानेन. शिवाय हेच द्रव्य आपल्या पेशींच्या विभाजनातही खोडा घालतं, म्हणून साल फक्त वरून लावायची.

तरी पैसे वाया गेले असं म्हणणार नाही. आम्लांनी का होईना, गुण आला. पुढच्या पावसाळ्यात मात्र टर्बिनाफिन हे बुरशीनाशक मलम. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा पायाच्या बुरशीवरच्या मलमांचा २००७चा आढावा टर्बिनाफिनच्या गटाला अझोल या दुसऱ्या बुरशीनाशक गटापेक्षाही किंचित सरस ठरवतो, आणि टर्बिनाफिन सहसा झोंबतही नाही.

वहिनींनी गजकर्णासाठी एक बाटली मागवली आहे. नाही आणणार. जांघेत हे लावलं तर घरभर नाचतील. त्यांच्या मैत्रिणीकडचं, रात्रीत खाज घालवणारं ‘शुद्ध वनौषधी’ मलम त्याहून धोक्याचं. लंडनमध्ये त्वचारोगांसाठी दिलेली ११ चिनी वनौषधी मलमं तपासली, त्यांतल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघालं. १९९९ची गोष्ट. गजकर्णावर स्टिरॉइड लावलं की खाज थांबते आणि चट्टा खुशाल पसरतो. वहिनींना म्हटलंय, आधी त्या ट्यूबचा फोटो पाठवा.