बेल्बिन टीम रोल रिपोर्ट : निरीक्षक नसतील तर पैसे वाया

टीम बांधणीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या चाचण्या ढिगाने आहेत. बहुतेक चाचण्या माणूस अंतर्मुख की बहिर्मुख, भावनाप्रधान की तर्कनिष्ठ हे सांगून मोकळ्या होतात. सोमवारी काम कसं वाटायचं हा प्रश्न तसाच राहतो. बेल्बिनचा रिपोर्ट स्वभावाच्या वाटेला फारसा जात नाही. टीममध्ये बसल्यावर हा माणूस कोणतं काम आपणहून उचलतो, कोणतं टाळतो आणि बाकीच्यांना तो कसा दिसतो, एवढंच सांगतो. मॅनेजरच्या कामाचं हेच आहे. पण रिपोर्टचे दोन भाग असतात, एक स्वतः भरलेल्या प्रश्नावलीचा आणि दुसरा सोबत काम करणाऱ्यांच्या म्हणजे निरीक्षकांच्या मताचा, आणि खरी किंमत दुसऱ्या भागाला आहे. फक्त स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर काढलेला रिपोर्ट म्हणजे केस विंचरून, हसून काढलेला फोटो.

थोडी पार्श्वभूमी हवी, कारण पद्धतीचा कणा तिथेच आहे. ब्रिटिश संशोधक मेरेडिथ बेल्बिन यांनी 1970 च्या दशकात इंग्लंडमधल्या हेन्ली इथल्या व्यवस्थापन महाविद्यालयात प्रयोग केले. अभ्यासक्रमाला आलेल्या मॅनेजरांच्या टीम पाडायच्या, त्यांना कंपनी चालवण्याचा खेळ द्यायचा आणि कोण काय करतं याची निरीक्षकांनी सतत नोंद ठेवायची. खेळाच्या शेवटी पैशात निकाल लागत असल्याने कोण जिंकलं यावर वाद नव्हता. सर्वांत हुशार माणसं एकत्र करून ज्या 25 टीम केल्या त्यांना ‘अपोलो’ म्हटलं गेलं. त्यातल्या जेमतेम 3 जिंकल्या. आठ टीमच्या स्पर्धेत त्यांचा सर्वाधिक वेळा आलेला क्रमांक सहावा. कारण असं दिसलं की हे सगळे एकमेकांच्या मुद्द्यातल्या चुका काढण्यात पटाईत होते आणि निर्णय घेऊन पुढचं काम हातात घ्यायला कुणीच तयार नव्हतं. हे निष्कर्ष 1981 मध्ये पुस्तकरूपाने आले. तेव्हा टीममधल्या भूमिका (टीम रोल) आठ होत्या, नववी ‘स्पेशालिस्ट’ नंतर जोडली गेली.

नऊ भूमिका तीन गटांत बसतात. विचारांकडे प्लँट (नव्या कल्पना काढणारा), मॉनिटर इव्हॅल्युएटर (पर्याय तोलून पाहणारा) आणि स्पेशालिस्ट (एका विषयातला जाणकार). माणसांकडे कोऑर्डिनेटर (काम वाटून देणारा), टीमवर्कर (सगळ्यांना सांभाळून घेणारा) आणि रिसोर्स इन्व्हेस्टिगेटर (बाहेर संबंध जोडणारा). कृतीकडे शेपर (काम पुढे रेटणारा), इम्प्लिमेंटर (ठरलेलं काम पार पाडणारा) आणि कम्प्लीटर फिनिशर (शेवटपर्यंत तपासणारा). याचा अर्थ नऊ माणसं गोळा करायची असा नाही. एकेका माणसाला दोन-तीन भूमिका सहज जमतात, दोन-तीन ओढूनताणून जमतात आणि उरलेल्या त्याच्याकडून करून घेऊ नयेत. चार-पाच जणांची टीम सगळं झाकू शकते.

या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे प्रत्येक भूमिकेसोबत तिची चालवून घेण्याजोगी उणीव दिलेली असते. शेपर काम पुढे रेटतो आणि त्यात लोकांना टोचून बोलतो. रिसोर्स इन्व्हेस्टिगेटर दहा ठिकाणी संबंध जोडतो, पण पहिला उत्साह ओसरला की पाठपुरावा सोडतो. कम्प्लीटर फिनिशर शेवटची चूक शोधून काढतो, पण दुसऱ्याच्या हाती काम द्यायला त्याचा जीव धजत नाही. मॅनेजरने ही उणीव सुधारण्यात वर्ष घालवू नये, तिच्याभोवती व्यवस्था उभी करावी. सीमारेषा मात्र ठरवून ठेवावी. शेपरने एखाद्याला दुखावलं आणि नंतर जाऊन सावरलं, तर ते चालवून घेण्यासारखं. दुखावणं हाच हक्क समजू लागला, तर ते भूमिकेच्या नावाखाली खपवायचं नाही. बहुतेक टीममध्ये गाडी इथेच घसरते. ‘मी शेपरच आहे, काय करणार’ हे वाक्य ऐकू आलं की रिपोर्टचा गैरवापर सुरू झाला असं समजावं.

प्रश्नावली ऑनलाइन आहे आणि साधारण 15 ते 20 मिनिटांत होते. प्रत्येक विभागात वाक्यांची यादी असते आणि 10 गुण त्या वाक्यांत वाटायचे असतात. दोन टोकं टाळावीत. सगळे 10 एकाच वाक्याला दिले की चित्र भडक होतं, सगळीकडे एकेक शिंपडला की सपाट. तीन-चार वाक्यांत वाटलेले गुण सर्वांत बोलके निघतात. भरण्यापूर्वी टीमला एक सूचना आवर्जून द्यावी: सध्याच्या कामाबद्दल, गेल्या सहा महिन्यांतल्या वागण्याबद्दल लिहा. ती दिली नाही तर निम्मे लोक आपण कसे असायला हवेत ते लिहितात. वार्षिक मूल्यमापनाच्या महिन्यात तर प्रश्नावली काढूच नये, त्या दिवसांत सगळेच कोऑर्डिनेटर निघतात.

दुसरा भाग निरीक्षकांचा. त्यांना गुणवर्णन करणाऱ्या शब्दांची यादी मिळते, त्यात चांगलेही असतात आणि बोचरेही. त्या माणसाला लागू पडतील तेवढ्यांवर खूण करायची. किमान 4 निरीक्षक लागतात, 6 मिळाले तर उत्तम. निवड करताना वरिष्ठ एक, बरोबरीचे तीन, हाताखालचे दोन असा बेत ठेवावा आणि सगळ्यांचा त्या माणसाशी दर आठवड्याला कामाचा संबंध असावा. निरीक्षक निवडायचं काम पूर्णपणे त्या माणसावर सोडलं तर तो जेवणाच्या टेबलावरचे मित्र निवडतो. मॅनेजरने एकट्याने निवडले तर लोक त्याला पाळत समजतात. दोघांनी मिळून यादी करावी.

रिपोर्ट हातात आला की आधी स्वतःचं मत आणि निरीक्षकांचं मत यांतली तफावत पाहावी. समजा, एखादी टीम लीडर स्वतःला कोऑर्डिनेटर म्हणून वर ठेवते आणि निरीक्षकांच्या यादीत ती भूमिका सातवी, इम्प्लिमेंटर पहिली. याचा अर्थ ती खोटं बोलते असा नाही. ती काम वाटून देते असं तिला वाटतं, प्रत्यक्षात वाटून दिलेलं काम संध्याकाळी स्वतःच पूर्ण करते आणि लोकांना तेवढंच दिसतं. पुढचा संवाद यावर व्हायला हवा: कोणती तीन कामं पुढच्या महिन्यात तिने हातात घ्यायची नाहीत, ती कुणाकडे जातील आणि मधे किती वेळा विचारपूस करायची. एवढ्यासाठी मॅनेजरला तिच्याबरोबर 45 मिनिटं एकांतात बसावं लागतं. तफावतीची चर्चा सगळ्यांसमोर पहिल्यांदा झाली तर माणूस बचावात जातो आणि पुढे काही हाती लागत नाही.

आकड्यांचा एक सापळा आहे, आणि नवखे सल्लागारसुद्धा त्यात पडतात. जुन्या कागदी आवृत्तीत 7 विभाग होते, प्रत्येकी 10 गुण, म्हणजे प्रत्येकाचे एकूण 70. सतत राबणाऱ्याचे 70 आणि हात झटकणाऱ्याचेही 70. एका भूमिकेला जास्त दिले की दुसरीचे आपोआप कमी होतात. त्यामुळे ‘माझे शेपरला 18, तुझे 12, म्हणजे मी जास्त धडाडीचा’ ही तुलना मुळातच चुकीची. कच्चे गुण फक्त त्या माणसाच्या स्वतःच्या आवडीचा क्रम सांगतात. इंटरनेटवर फुकट फिरणारी प्रश्नावली बहुतेक वेळा ही जुनीच असते, तीही निरीक्षकांशिवाय. ती फार तर टीममधला सुरुवातीचा संकोच मोडायला वापरावी, निर्णयाला नाही.

टीमचा एकत्रित नकाशा पाहताना दोन गोष्टी शोधाव्यात: रिकामी जागा आणि गर्दी. कम्प्लीटर फिनिशर नसलेल्या टीमची लक्षणं ठळक असतात. कामं 90 टक्क्यांवर अडकतात, चुका ग्राहकाला सापडतात, शेवटचा आठवडा रात्री जागवतो. उपाय म्हणून लगेच नवा माणूस घ्यायची घाई नको. अंतिम तारखेच्या दोन दिवस आधी एक आतली तारीख ठेवावी, तपासणीची दहा-बारा मुद्द्यांची लेखी यादी करावी आणि तिच्यापुढे एकाच माणसाचं नाव लिहावं. ही भूमिका ज्याला ओढूनताणून जमते त्याने ती ठराविक मुदतीसाठी घ्यावी आणि बदल्यात त्याच्याकडून दुसरं काहीतरी काढून घ्यावं. नाहीतर तो दमतो आणि तपासणी पुन्हा नावापुरती होते.

गर्दीचं उदाहरण म्हणजे दोन-तीन शेपर. त्यांना एकाच बैठकीत एकाच विषयावर बसवलं की ती बैठक संपत नाही. प्रत्येकाला वेगळं क्षेत्र द्यावं, सीमा लिहून द्यावी आणि सीमेवरचा वाद कोण सोडवणार हे आधीच सांगावं. दोन प्लँट असतील तर वेगळी अडचण येते: प्रत्येकाला आपलीच कल्पना पुढे न्यायची असते. तिथे कल्पना मांडणं आणि निवडणं या दोन बैठका वेगळ्या दिवशी घ्याव्यात, दुसरी मॉनिटर इव्हॅल्युएटरच्या हाती द्यावी. त्याला मात्र कागद आदल्या दिवशी मिळायला हवेत, आयत्या वेळी मत विचारलं की तो गप्प बसतो आणि लोक त्याला थंड समजतात.

प्रेरणेच्या बाबतीत रिपोर्टचा उपयोग विक्रीच्या पत्रकात म्हटलंय त्याहून साधा आहे, पण खरा आहे. टीमवर्करला सगळ्यांसमोर व्यासपीठावर बोलावून केलेलं कौतुक अवघडवतं, त्याने मिटवलेल्या भांडणाची नेमकी दखल खाजगीत घेतली तर ते लक्षात राहतं. स्पेशालिस्टला बढती म्हणून माणसं सांभाळायला दिली की त्याचा विषय सुटतो आणि टीमचाही तोटा होतो. इम्प्लिमेंटरला दर आठवड्याला बदलणारा आराखडा दिला तर तो आतून खचतो, तक्रार मात्र करत नाही.

आता त्रुटी. स्वतः भरायच्या प्रश्नावलीच्या मोजमापावर 1993 मध्ये फर्नहॅम, स्टील आणि पेंडलटन या संशोधकांनी कडक टीका केली होती. गुण वाटण्याची सक्ती हा त्यातला मोठा मुद्दा. 2007 मधल्या अ‍ॅरित्झेता, स्वेल्स आणि सीनियर या संशोधकांच्या आढाव्याने पद्धतीची बाजू बरीच उचलून धरली. वाद मिटलेला नाही, त्यामुळे भरती, बढती किंवा कपात यांचा निर्णय या रिपोर्टवर घेणं साफ चूक. ‘आम्हाला प्लँट हवा’ अशी जाहिरात देणाऱ्यांना उमेदवार प्रश्नावली कशी भरतील हे वेगळं सांगायला नको.

दुसरी मर्यादा रिपोर्टची कमी आणि घेणाऱ्याच्या अपेक्षेची जास्त. टीमचे अभ्यासक, हार्वर्डचे रिचर्ड हॅकमन यांचा 60-30-10 हा ढोबळ नियम इथे उपयोगी पडतो: टीम कशी चालेल यातला 60 टक्के वाटा सुरुवातीच्या रचनेचा, 30 टक्के कामाची सुरुवात कशी करून दिली याचा आणि फक्त 10 टक्के पुढच्या मार्गदर्शनाचा. ध्येय धूसर असेल, एक माणूस तीन टीममध्ये वाटलेला असेल, किंवा पगारातला अन्याय सगळ्यांना माहीत असेल, तर भूमिकांचा रंगीत नकाशा भिंतीवर लावून काही होत नाही. अशा टीमने आधी हे निस्तरावं, रिपोर्टचे पैसे वाचवावेत.

कुणी घ्यावा? पाच ते दहा जणांची, किमान तीन-चार महिने एकत्र काम केलेली टीम असेल तर जरूर. नुकत्याच जमलेल्या टीमसाठी निरीक्षकांकडे सांगण्यासारखं काही नसतं, त्यामुळे थांबावं. ज्या टीममध्ये लोक मॅनेजरसमोर चूक कबूल करायला घाबरतात तिथे निरीक्षकांच्या खुणा फक्त गोड शब्दांवर पडतात. रिपोर्ट गुळगुळीत येतो आणि मॅनेजरला वाटतं सगळं छान आहे. तिथेही आत्ता नको.

घ्यायचं ठरलं तर एकत्र बैठकीला अडीच तास राखून ठेवा आणि तिच्या शेवटी तीनच बदल लिहा: काय, कोण, कधीपासून. तीन महिन्यांनी तेच तीन तपासा. प्रश्नावली पुन्हा भरायची घाई नको. काम, पद किंवा टीममधली निम्मी माणसं बदलली तरच. आणि टीम चार-पाच जणांचीच असेल तर निरीक्षकांत शेजारच्या विभागातली दोन माणसं घ्या. नाहीतर बोचऱ्या शब्दावर खूण कुणी केली हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.