बेरिल मार्कहमचं 'वेस्ट विथ द नाईट' : जरूर वाचा

बेरिल मार्कहम म्हणजे सप्टेंबर १९३६ मध्ये इंग्लंडहून एकटीने विमानाने अटलांटिक पार करून पश्चिमेला गेलेली बाई, वारं समोरून येणार म्हणून हाच रूट जास्त अवघड, आणि तिने तो न थांबता केला. शेवटी इंजिनला पेट्रोल मिळेना म्हणून कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या दलदलीत विमान नाकावर आदळलं, पण बाई चालत बाहेर आली! हे पुस्तक तिच्या आठवणींचं, १९४२ चं आहे, पण फक्त विमानांचं समजू नका. अर्ध्याहून जास्त जीव केनियात आहे. लहानपणी नान्दी लोकांबरोबर भाला घेऊन शिकारीला जाणं, पाळलेल्या सिंहाने केलेला हल्ला, नंतर रेसचे घोडे तयार करणं, आणि मग विमानातून हत्तींचे कळप शोधून शिकाऱ्यांना कळवणं (हा भाग आज वाचताना त्रास होतो, खरं सांगते). रात्री एकटीने उडतानाची शांतता तिने अशी लिहिलीये की मी पान उलटायचं विसरले.

तीन लग्नं, मुलगा, याबद्दल एक शब्द नाही, ते मात्र खटकलं. पुस्तक तिनेच लिहिलं की तिसऱ्या नवऱ्याने, हा वाद आहेच, पण कॉकपिटमधली ती पानं वाचून मला तरी तिचाच आवाज वाटतो. १९८३ ला पुन्हा छापलं तेव्हा कुठे लोकांनी खरं डोक्यावर घेतलं, तोवर ती ऐंशीची झालेली. इंग्रजी जरा जड आहे, सुरुवातीला सावकाश वाचा.