घोरण्यावरील टाळूची छोटी प्रक्रिया: मिरजेतील एका रुग्णालयाचा अनुभव

मऊ टाळूला (तोंडाच्या छताच्या मागच्या मऊ भागाला) रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे रेडिओ लहरींच्या ऊर्जेने, उष्णता देऊन घोरणे कमी करण्याची प्रक्रिया मी मिरजेतील एका कान-नाक-घसा रुग्णालयात करून घेतली. तेथील सर्वांत जमेची बाजू म्हणजे, मला घाई असूनही डॉक्टरांनी आधी झोपेची तपासणी करायला लावली. रात्रभर अंगाला तारा लावून झोपणे जिकिरीचे असले, तरी श्वास तासाला पाचपेक्षा कमी वेळा अडखळतो, म्हणजे हा स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा आजार) नसून नुसते घोरणे आहे, हे त्यातूनच कळते. ॲप्निया असलेल्याचा आवाज या उपायाने कमी झाला, तरी आजार तसाच राहू शकतो आणि आवाज नसल्याने घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

प्रक्रिया खुर्चीवर बसूनच, टाळू बधिर करून होते. सुईसारखे टोक टाळूत टोचून आतील भागाला उष्णता देतात. पुढे तेथे व्रण धरून टाळू ताठ होतो आणि त्याची फडफड कमी होते. त्याच दिवशी घरी सोडतात.

खरी कसोटी त्यानंतर लागते. बधिरपणा उतरला की सुजलेली पडजीभ जिभेच्या मुळाशी टेकते, घशात घास अडकल्यासारखे वाटून माणूस सारखा आवंढे गिळत बसतो आणि प्रत्येक आवंढ्याची कळ थेट कानात जाते. गार दूध-भात आणि रव्याची पातळ खीर सुखाने उतरली. ताक मात्र झोंबले. भडंगाचा डबा (सांगलीकराच्या घरात तो असतोच) माझ्यापुरता बंद राहिला. उशी उंच घेतल्याने सूज थोडी सुसह्य झाली.

माझी तक्रार आहे ती नंतरच्या व्यवस्थेबद्दल. सूचनांचा कागद केवळ इंग्रजीत होता आणि सुजेमुळे सुरुवातीला घोरणे उलट वाढते, हे कोणीही सांगितले नाही. उपाय फसला असे समजून सौ.ने अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवले, आणि चौकशीसाठी फोन केला, तर 'डॉक्टर ओपीडीत आहेत' यापलीकडे उत्तर मिळाले नाही. खरा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे फेरतपासणीतच समजले. आता आवाज भिंतीपलीकडे जात नाही, असा घरच्यांचा निर्वाळा आहे. तरीही डॉक्टर याच प्रक्रियेची आणखी एक बैठक सुचवतात. अनेकांना ती लागते, मात्र पहिल्या खर्चाच्या अंदाजात तिचा उल्लेखही नव्हता. डॉक्टरांच्या हाताबद्दल शंका नसल्याने मी तेथेच जाणार आहे, परंतु शुल्काचा आकडा आधी लेखी घेऊन.