जुन्या गाडीला नवे टायर: नाशिकच्या रस्त्यांसाठी काय घ्यावं, कसं बसवून घ्यावं

चालू मॉडेलच्या मोटरसायकलला टायर घेणं सोपं असतं. दुकानदार मॉडेल विचारतो आणि तोच टायर काढून देतो. पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीचं तसं नसतं. मधल्या काळात कुणीतरी रिम बदललेली असते, कुणी मागे जाड टायर चढवलेला असतो, नाहीतर कंपनीने जुनी इंची साइज सोडून मिलिमीटरमधली आणलेली असते. म्हणून गाडीवर आत्ता जो टायर आहे त्याचा नंबर सांगून नवा मागू नका. गाडीचं मॅन्युअल पाहा, ते नसेल तर रिमवर कोरलेली साइज वाचा.

काही नेहमीच्या गाड्यांचे आकडे असे (2.75-18 मध्ये पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत). जुनी हिरो होंडा स्प्लेंडर पुढे-मागे 2.75-18. यामाहा आरएक्स 100 पुढे 2.50-18, मागे 2.75-18. कास्ट आयर्न इंजिनची बुलेट 350 दोन्हीकडे 3.25-19. 2001 ची पहिली पल्सर 18 इंची चाकांवर होती. पुढे 17 इंची चाकं आली तेव्हा 150 ला पुढे 2.75-17 आणि मागे 100/90-17 (रुंदी 100 मिमी, उंची रुंदीच्या 90 टक्के) लागू लागला. मॉडेल तेच, नाव तेच, पण वर्ष वेगळं म्हणून रिम वेगळी, असं इथे सर्रास होतं.

2.75-18 ऐवजी दुकानात 80/100-18 पुढे केला जातो. हा बदल चालतो. नंतरच्या स्प्लेंडर प्लसला हीच साइज कंपनीकडून येते. चाकाचा बाहेरचा व्यास साधारण एक सेंटीमीटरने वाढतो. पुढे घातला तर मीटर दीड-दोन टक्के कमी वेग दाखवतो, कारण या बहुतेक गाड्यांत मीटरची केबल पुढच्या चाकातून निघते. मागे घातल्यावर मात्र मडगार्ड आणि चेन कव्हरपाशी टायर घासत नाही ना, ते चाक हाताने फिरवून पाहा. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवून शॉकॲब्सॉर्बर दाबलेल्या अवस्थेतही पाहा.

बुलेटवाल्यांना 3.25-19 मिळत नाही म्हणून 90/90-19 सुचवला जातो. रुंदी पुरते, पण उंची थोडी कमी होते. 3.25-19 अजून बनतो, ऑर्डर देऊन मागवता येतो. चार-सहा दिवस थांबायची तयारी असेल तर मूळ साइजच घ्यावी.

जाड टायरचं वेड हा जुन्या गाड्यांचा सगळ्यात मोठा घात आहे. 1.60 इंच रुंदीच्या रिमवर 100 मिमीचा टायर चढवला की दोन्ही बीड, म्हणजे टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडा, आत ओढले जातात आणि टायरचा माथा गोल होतो. रस्त्याला टेकणारा भाग वाढण्याऐवजी मधली अरुंद पट्टीच टेकते आणि तीच आधी झिजते. गाडी वळायला जड होते, ॲव्हरेज पडतं, आणि 100 सीसीच्या इंजिनाला ते वजन चढावर जाणवतं. रिमवर 1.60 असेल तर 2.75 किंवा 80/100 वर थांबा. 1.85 असेल तर 3.00 किंवा 90/90 पर्यंत जाता येतं.

साइजनंतर जो आकडा कुणी वाचत नाही तो म्हणजे लोड इंडेक्स. टायरवर 2.75-18 42P असं छापलेलं असतं. 42 म्हणजे एका टायरची भार पेलायची क्षमता 150 किलो, आणि P म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतचा वेग. हा पुढचा टायर, 4 प्लाय रेटिंगचा (प्लाय रेटिंग म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा). मागे त्याच साइजमध्ये 48P, 6 प्लायचा लागतो, म्हणजे 180 किलो. दोन्ही टायर बाहेरून जवळपास सारखे दिसतात, किमतीतही फार फरक नसतो, आणि गडबडीत 42P मागे बसवला जातो. हिशेब करून पाहा. स्प्लेंडरचं वजन 110 किलोच्या आसपास, त्यातला अर्ध्याहून थोडा जास्त भार मागच्या चाकावर. दोन माणसं बसली की मागचं चाक दीडशे किलोपर्यंत पोचतं. दिंडोरी किंवा सिन्नरहून दुधाचे दोन भरलेले कॅन लावून येणाऱ्याचं, पंचवटीच्या मार्केट यार्डात भाजीचे क्रेट आणणाऱ्याचं मागचं चाक 180 चीही हद्द गाठतं. अशा गाडीला मागे 80/100-18 मधला 54P घ्यावा. त्याची क्षमता 212 किलो आहे.

आता प्रत्यक्ष टायरांकडे येऊ. 18 इंची चाकांच्या रोजच्या वापरातल्या गाडीसाठी नाशिकमध्ये सहज मिळणाऱ्या टायरांत एमआरएफ नायलोग्रिप प्लस, सिएटचे सेक्युरा झूम आणि माइलेझ, आणि मिशेलिन सिटी प्रो हे मुख्य पर्याय आहेत.

ओझं वाहणाऱ्या गाडीला मागे नायलोग्रिप प्लस. रबर कडक बाजूला झुकलेलं, साइडवॉल (टायरची बाजू) घट्ट, अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या खडबडीत रस्त्यांवर निमूट चालतो, आणि कुठल्याही पंक्चरवाल्याच्या हाताला सवयीचा आहे. त्या कडकपणाची किंमत पावसात मोजावी लागते. ओल्या काँक्रीटवर आणि झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक लवकर लॉक होऊन घसरतं. माइलेझ नावाप्रमाणेच जास्त टिकण्यासाठी विकला जातो. रोज सरळ रस्त्याने नाशिक रोड ते सातपूर कामावर जाणाऱ्याने तो घ्यायला हरकत नाही. सेक्युरा झूम मधला मार्ग आहे, एकट्याने चालवायच्या गाडीला दोन्हीकडे चांगला.

सिटी प्रो पावसासाठी या सगळ्यांत उजवा वाटतो. खाचा मधून बाजूला लांबवर उतरतात, त्यामुळे पाणी लवकर बाहेर फेकलं जातं. पंक्चरला दाद न देण्यासाठी कवचही जाड केलेलं आहे. त्र्यंबक रोड, इगतपुरी, पेठ रस्त्याचा सावळ घाट अशा भरपूर पावसाच्या बाजूंना ज्यांचं नियमित जाणं-येणं आहे त्यांनी थोडे जास्त पैसे मोजून हाच घ्यावा, निदान पुढे तरी. आरएक्स 100 सारख्या हलक्या गाडीला तर पुढच्या चाकाची पकड सगळ्यात महत्त्वाची.

पुढे उभ्या रेघांचा रिब टायर आणि मागे ब्लॉक नक्षीचा, ही जुनी जोडी उगाच नाही. रिबमुळे पुढचं चाक सरळ रेषा धरतं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांतून ट्रॅक्टर डांबरावर काळी माती आणतात. ती ओली झाली की रिबच्या खाचा भरून टायर साबणासारखा गुळगुळीत होतो. अशा रस्त्याला पुढेही आडव्या खाचा असलेली नक्षी बरी. बटन टायर (सुट्या उंच ठोकळ्यांच्या नक्षीचा) मात्र डांबरावर चालणाऱ्या गाडीला घालू नका. त्याची बटनं डांबरावर वाकतात आणि ओल्या रस्त्यावर टेकणारं रबर कमी पडतं.

कंपनी कुठलीही घ्या, तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. साइडवॉलवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. 3225 म्हणजे 2025 चा बत्तिसावा आठवडा. 2.50-18 आणि 3.25-19 अशा कमी खपाच्या साइजमध्ये दुकानात जुना माल पडून राहण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तिथे दुप्पट लक्ष द्या. सातपूरला सिएटचा कारखाना असला म्हणून दुकानातला टायर ताजाच असेल असं नाही. एका वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा मागा. आयएसआयचा शिक्का आणि आयएस 15627 हा क्रमांकही पाहा. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला, किंवा गुळगुळीत टायरात गरम पात्याने नव्या खाचा कोरलेला टायर दुचाकीला अजिबात नको. कोरलेल्या खाचेच्या तळाशी नायलॉनच्या दोऱ्यांवर रबर नावाला उरलेलं असतं. बिल घेताना दर तपासा: 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे.

जुना टायर कधी काढायचा? दुचाकीसाठी नियमाने किमान खोली 0.8 मिमी आहे. खाचेत टीडब्ल्यूआयच्या (झीज दाखवणाऱ्या) खुणेपाशी असलेल्या उंचवट्याला माथा टेकला की संपला. पण कमी चालणाऱ्या जुन्या गाडीत नक्षी शाबूत असते आणि रबर मेलेलं असतं. साइडवॉल वाकवून बारीक चिरा दिसतात का पाहा, नखाने दाबल्यावर रबर दबतं का पाहा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी टायर बदलावा.

ट्यूबलेसचा आग्रह हल्ली फार होतो. तारांच्या रिमला ट्यूब लागतेच, कारण निपलच्या (तारा आवळायच्या छोट्या नटांच्या) भोकांतून हवा जाते. जुनी अलॉय रिमही ट्यूबलेस असेलच असं नाही. सुरुवातीच्या कितीतरी अलॉय गाड्या ट्यूबवरच होत्या. रिमवर साइजच्या मध्ये MT अक्षरं असतील तर बीड धरून ठेवणारा उंचवटा आत आहे आणि ट्यूबलेस चालतो. WM असेल तर ट्यूबच. तो उंचवटा नसलेल्या रिमवर हवा कमी झाली की टायर कडेवरून सुटतो आणि क्षणात सगळी हवा जाते.

टायर नवा तर ट्यूबही नवी. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते. रिमवरची रबरी पट्टीही बदला, नाहीतर गंजलेल्या निपलांची टोकं ट्यूबला टोचत राहतात. गंज असेल तर आधी तारेच्या ब्रशने साफ करून घ्या.

बसवताना उभे राहून पाहण्यासारख्या गोष्टी आहेत. बीडला साबणाचं पाणीच लावावं. ऑइल, डिझेल, ग्रीस रबर खातात. साइडवॉलवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. पुढे-मागे दोन्हीकडे चालणाऱ्या टायरवर दोन बाण असतात, पुढच्या आणि मागच्या चाकासाठी उलट दिशेचे. रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी. ट्यूबमध्ये थोडी हवा भरूनच आत घालावी, आणि शेवटची बाजू व्हॉल्व्हपाशी संपवावी, म्हणजे लिव्हरच्या टोकात ट्यूबचा चिमटा बसत नाही. 40 पीएसआयपर्यंत हवा भरून बीड बसू द्यावा, मग रिमच्या कडेशी असलेली टायरची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारखी दिसते का पाहावं. एका जागी आत गेली असेल तर चाक उड्या मारतं आणि दोष विनाकारण बेअरिंगला लागतो. शेवटी हवा ठरलेल्या आकड्यावर आणावी.

व्हॉल्व्हचा नट रिमवर घट्ट आवळू नका, वर टोपणापाशी सरकवून ठेवा. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि आपल्याला दिसतो. नट आवळलेला असेल तर तो सरळच दिसतो आणि ट्यूब मुळाशी फाटते.

चाक परत बसवतानाची चूक जिवावर बेतू शकते. पुढच्या ड्रम ब्रेकच्या प्लेटला एक खाच असते, तिच्यात शॉकॲब्सॉर्बरवरचा ठोकळा बसला पाहिजे. तो न बसता एक्सल आवळला तर ब्रेक मारल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागेवर अडकतं. मागे टॉर्क आर्मचा (ब्रेकची प्लेट धरून ठेवणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आणि त्याची स्प्लिट पिन पाहा. मीटरची केबल फिरवणाऱ्या पिनियनची जीभ हबच्या खाचेत बसली का पाहा, नाहीतर ती वाकते आणि मीटर बंद पडतो. चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या घराला हव्यात. चेनला मधोमध 20 ते 30 मिमी ढील ठेवावी.

पहिले 150-200 किलोमीटर वळणात आडवे होऊ नका, ब्रेक हळू दाबा. साच्यातून निघताना टायरवर राहिलेला थर तेवढ्यात निघून जातो. वणीच्या गडाचा किंवा कसाऱ्याचा घाट त्यानंतर.

हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. स्प्लेंडरला पुढे 25, मागे एकट्याला 28 पीएसआय. डबलसीट असेल तर मागे गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे वाढवायची. तापमान दर पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण 1 पीएसआय हवा कमी होते. निफाडला पारा एक आकडी होतो तेव्हा ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत दोन-तीन पीएसआयने उतरलेली असते, आणि ट्यूबमधून झिरपते ती वेगळीच. थंडीत दर पंधरवड्याला हवा पाहा. उन्हात तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली तर ती सोडू नका.