डेटा सेंटर: बांधकाम रोखायचं की आधी हमी घ्यायची?

नव्या मोठ्या डेटा सेंटरचे परवाने किमान तीन वर्षं रोखावेत, असं विधेयक अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात २०२६ मध्ये आलं. ओहायो राज्याची वाट वेगळी. तिथल्या वीज नियामकांनी २०२५ मध्ये एईपी ओहायो या वीज कंपनीसाठी नियम मंजूर केला: २५ मेगावॉटवरच्या नव्या केंद्राने वीज वापरो न वापरो, स्वतः मागितलेल्या विजेच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचे, तेही १२ वर्षांपर्यंत. पाठोपाठ नव्या डेटा सेंटरांची कंपनीकडची ३०,००० मेगावॉटची मागणी १३,००० वर आली! या केंद्रांसाठीच्या वीजव्यवस्थेचा खर्च घरगुती ग्राहकाच्या बिलावर पडू नये, यासाठी मला हाच उपाय पटतो. पण गावचं पाणी, शेतजमीन, जनरेटरचा आवाज यांची हमी वीजदरात मिळत नाही. त्यासाठी नियम ठरेपर्यंत स्थगितीच हवी.